मंत्रचळेपणाचा उपचार: गोळी मिळते, सराव मागून घ्यावा लागतो

कुलूप लागलंय हे डोळ्यांना दिसतं, हाताला कळतं, तरी जिना उतरल्यावर परत वर जावंसं वाटतं. साबण अर्धा झिजला तरी हात 'नीट' धुतले गेल्याची खात्री येत नाही. आपल्याकडे याला मंत्रचळ हा जुना शब्द आहे; डॉक्टर कागदावर ओसीडी लिहितात. सोबत छातीत धडधड, पोटात गोळा आणि झोप उडणं असेल, तर बहुतेक लोक आधी फिजिशियनकडे जातात, ईसीजी नि टूडी इको करून घेतात, 'सगळं नॉर्मल आहे' ऐकून घरी येतात आणि महिन्याभराने पुन्हा तेच करतात. मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचायला कित्येकांना वर्षं लागतात. पोचल्यावर तिथे नक्की काय मिळतं, कुठे मिळतं आणि त्यात काय राहून जातं, याचं हे परीक्षण आहे. संदर्भ महाराष्ट्र आणि गोव्याचा.

निकाल आधीच सांगून टाकतो. औषधोपचाराची बाजू बहुतेक ठिकाणी ठीक आहे, फक्त डोस आणि मुदत या दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं लागतं. ओसीडीसाठीची खास वर्तनोपचार पद्धत, म्हणजे भीतीला ठरवून सामोरं जायचं आणि नंतरची सवयीची कृती टाळायची हा सराव, जिला सगळे ईआरपी म्हणतात, तिच्या बाबतीत मात्र सेवा फार तोकडी पडते. ती आपणहून कुणी देऊ करेल अशी वाट पाहू नये, थेट मागावी.

सरकारी सेवेपासून सुरुवात करू. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग असतो. तिथे गेलं म्हणजे दाखल करून घेतात, ही भीती निराधार आहे. तपासून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी परतता येतं. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची ओपीडी चालते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मानसोपचार विभाग आहेत. ती रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे किंवा महापालिकेकडे असल्याने तिथे केसपेपरचं नाममात्र शुल्क पडतं. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे.

या ठिकाणांची ताकद अशी की निदान पक्कं होतं. शिकणारे निवासी डॉक्टर सविस्तर माहिती लिहून घेतात, मग वरिष्ठ पाहतात, म्हणजे एकाच तक्रारीवर दोन डोकी चालतात. अडचण अशी की पुढच्या वेळी तोच डॉक्टर भेटेल याची खात्री नसते, आणि फेरतपासणीला मिळणारा वेळ थोडा असतो. म्हणून केसपेपर जिवापाड जपावा आणि प्रत्येक भेटीआधी एका चिठ्ठीवर चारच ओळी लिहून न्याव्यात: सध्या कोणती गोळी किती मिलिग्रॅम चालू आहे, ती कधीपासून आहे, काय सुधारलं, काय त्रास होतोय. एवढ्याने दहा मिनिटांची भेट वीस मिनिटांच्या तोडीची होते.

खाजगी क्लिनिकमध्ये पुण्या-मुंबईत पहिल्या भेटीची फी साधारण हजार ते अडीच हजार रुपये, फेरतपासणीची त्याहून कमी. पहिली भेट तीसपासून पंचेचाळीस मिनिटांची असावी. पाच मिनिटांत चिठ्ठी हातात आली, तर तो डॉक्टर ओसीडीसाठी आपल्या कामाचा नाही. पाटीवर एमडी सायकियाट्री, डीएनबी किंवा डीपीएम यांपैकी काहीतरी हवं. थेरपी देणारी व्यक्ती वेगळी असेल, तर तिची क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी आहे का हे सरळ विचारावं. विचारण्यात काही गैर नाही. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आपल्याकडे कुणीही लावू शकतं. मन मोकळं करायला चांगला समुपदेशक उपयोगी असतो, पण ओसीडीचा उपचार हे वेगळं कौशल्य आहे.

ऑनलाइन भेट छोट्या गावातल्या माणसासाठी खरोखर मोठी सोय आहे. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, तेव्हापासून तिला अधिकृत चौकटही आहे. पहिली भेट मात्र व्हिडिओवर घ्यावी, नुसत्या फोनवर किंवा चॅटवर नको. ओसीडीच्या बाबतीत व्हिडिओचा एक फायदा क्लिनिकमध्येही मिळत नाही: गॅसची शेगडी, मोरी, देवघर, कुलूप, जिथे त्रास होतो तीच जागा थेरपिस्टला दिसते आणि सराव तिथेच करता येतो. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. कुठे जावं हे कळत नसेल किंवा रात्री जीव घाबरा झाला असेल, तर ती उत्तम. तिच्यावर ओसीडीचा पूर्ण उपचार होईल, ही अपेक्षा ठेवू नये.

पहिल्या भेटीत डॉक्टर काय विचारतात? विचार नको असताना येतात का, ते आपलेच वाटतात की कुणी डोक्यात घालतंय असं वाटतं, ते आल्यावर काय करावं लागतं, दिवसाचा किती वेळ त्यात जातो. रोज तासाभराहून जास्त वेळ जात असेल, किंवा त्यामुळे काम, अभ्यास, संसार अडत असेल, तर निदानाच्या दृष्टीने ती महत्त्वाची खूण असते. अनेक जण इथेच अडखळतात आणि फक्त 'टेन्शन येतं, झोप लागत नाही' एवढंच सांगतात. मग निदान नुसत्या चिंतेचं होतं आणि उपचारही त्याचाच सुरू होतो. विशेषतः लाज वाटणारे विचार लपवले जातात: देवासमोर हात जोडताना शिवी मनात येणं, तान्ह्या बाळाला आपल्याच हातून इजा होईल अशी चित्रं डोळ्यांसमोर येणं, नात्यातल्या माणसाबद्दल नको ते लैंगिक विचार येणं. हे सगळं मानसोपचारतज्ज्ञाने शेकडो वेळा ऐकलेलं असतं. असे विचार येणं आणि तसं करण्याची इच्छा असणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ज्याला त्या विचाराची किळस येते आणि भीती वाटते, त्यालाच तो छळतो. तोंडाने सांगता येत नसेल तर कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्यावं. एवढं केलं तरी उपचाराची दिशा बदलते.

चांगल्या ठिकाणी आजाराचं मापही घेतात. ओसीडीसाठी येल-ब्राउन मापनी वापरतात. तिच्यात दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४०. ८ ते १५ सौम्य, १६ ते २३ मध्यम, २४ ते ३१ तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. चिंतेसाठी जीएडी-७ ही सात प्रश्नांची, २१ गुणांची छोटी यादी असते; १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट तपासणी करतात. हा आकडा केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. ओसीडी इतकी हळूहळू ओसरते की तीन महिन्यांनी 'काही फरक नाही' असं वाटतं, आणि मापनीवर गुण २८ वरून १८ वर आलेले असतात. ३५ टक्के घट म्हणजे उपचार लागू पडतोय, असं धरतात. रक्ततपासणीत थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ पाहिलं तर ते योग्यच. थायरॉइड वाढला तरी धडधड आणि अस्वस्थता येते.

आता औषधं. ओसीडी आणि चिंता या दोन्ही आजारांवर पहिली पसंती एसएसआरआय गटाला, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्यांना असते: फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, फ्लुवोक्सामिन, पॅरोक्सेटिन. ही झोपेची औषधं नव्हेत आणि यांची चटकही लागत नाही. घोळ होतो तो डोसमध्ये. चिंता किंवा नैराश्यावर एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम पुरते, ओसीडीला बहुधा २० लागतात. फ्लुओक्सेटिन २० वर सुरू होते, पण ओसीडीत ४० ते ८० पर्यंत न्यावी लागते. सर्ट्रालिन ५० पासून २०० पर्यंत, फ्लुवोक्सामिन ५० पासून ३०० पर्यंत. मुदतही लांब आहे. चिंतेत चार-सहा आठवड्यांत फरक कळतो. ओसीडीत पुरेशा डोसवर आठ ते बारा आठवडे थांबल्याशिवाय 'गोळी लागू पडली नाही' असं म्हणता येत नाही. लहान डोसवर महिनाभर काढायचा, मग डॉक्टर बदलायचा, नव्या डॉक्टरने नवी गोळी पुन्हा लहान डोसवर सुरू करायची, या चक्रात दोन-दोन वर्षं निघून जातात. डोस वाढवणं किंवा बदलणं हे काम डॉक्टरांचंच. पण 'हा डोस ओसीडीसाठी पुरेसा आहे का?' हा प्रश्न रुग्णाने जरूर विचारावा, आणि तो ऐकून चिडणाऱ्या डॉक्टरपेक्षा समजावून सांगणारा निवडावा.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम (घबराट तात्पुरती शमवणारं, झोप आणणारं औषध) एकाच गोळीत असलेलं मिश्रण. ते सर्रास लिहिलं जातं, फिजिशियनकडूनही. पहिल्या आठवड्यात रुग्णाला बरं वाटतं ते क्लोनाझेपाममुळे. पण क्लोनाझेपाम ओसीडीवर काम करत नाही, काही आठवड्यांत शरीर त्याला सरावतं आणि नंतर सोडताना झोप उडते, थरथर होते. शिवाय ओसीडीसाठी एस्सिटालोप्रॅम दुप्पट करायची झाली, तर क्लोनाझेपामही आपोआप दुप्पट होतं. दोन्ही औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत मागावीत, म्हणजे क्लोनाझेपाम दोन-चार आठवड्यांत डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवता येतं आणि मूळ औषध हवं तेवढं वाढवता येतं. जे आधीच कित्येक महिने घेत आहेत त्यांनी ते एकदम तोडू नये, झटके येण्याचा धोका असतो.

दुष्परिणामांबद्दल डॉक्टरांनी आधी सांगितलं नाही, की लोक चौथ्या दिवशी गोळी बंद करतात. पहिले एक-दोन आठवडे मळमळ, पोट बिघडणं, डोकेदुखी, आणि अस्वस्थता उलट थोडी वाढणं हे नेहमीचं आहे. गोळी जेवणानंतर घेतली आणि अर्ध्या डोसवर सुरू केली तर हे निभावतं. लैंगिक इच्छा कमी होणं किंवा स्खलन लांबणं पुष्कळांना जाणवतं. त्यावर उपाय आहेत, पण सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळणार कसं? पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आणि डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढतात का, याकडे घरच्यांनी लक्ष द्यावं आणि तसं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. वृद्धांमध्ये सोडियम कमी होऊ शकतं, विशेषतः बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. चक्कर, गोंधळलेपणा दिसला की तपासणी करावी. फ्लुवोक्सामिन चालू असेल तर चहा-कॉफी कमी करावी, कारण ते औषध कॅफिन शरीरात रेंगाळत ठेवतं आणि दोन कप चहानेही धडधड वाढते. घरात कुणाला उन्माद किंवा बायपोलर असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगायचं. या गोळ्यांनी मूड वर उसळू शकतो.

दोन एसएसआरआय पुरेशा डोसवर, पुरेशी मुदत देऊन पाहिल्या आणि भागलं नाही, तर क्लोमिप्रामिनचा विचार होतो. जुनं औषध आहे, ओसीडीवर चांगलं आहे, पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो आणि ईसीजी करून मगच डोस वाढवावा लागतो. किंवा आधीच्या गोळीला रिस्पेरिडोन अथवा अरिपिप्राझोल अगदी छोट्या डोसमध्ये जोडतात. ही नावं इंटरनेटवर 'वेडाची औषधं' म्हणून सापडतात आणि घरचे हादरतात. इथे हेतू वेगळा असतो. वजनावर आणि रक्तातल्या साखरेवर मात्र लक्ष ठेवावं. चुंबकीय उपचाराच्या, म्हणजे आरटीएमएसच्या जाहिराती आता बऱ्याच दिसतात. ती पहिली पायरी नाही. पुरेशा डोसची औषधं आणि ईआरपी झालेली नसताना कुणी त्याचं पॅकेज पुढे करत असेल, तर पैसे भरू नयेत.

आता ईआरपी. १९६६ मध्ये लंडनचे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी या पद्धतीने उपचार केलेल्या पहिल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तत्त्व साधं आहे: ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरं जायचं आणि नंतरची सवयीची कृती करायची नाही. आधी दहा-पंधरा प्रसंगांची यादी करून प्रत्येकाला ० ते १०० पैकी किती भीती वाटते तो आकडा देतात. उदाहरणार्थ, विटाळाची भीती असेल तर स्वतःच्या चपलेला हात लावणं ३५, लोकलचा दांडा धरून मग मोबाइल हातात घेणं ५०, बाहेरून आल्यावर त्याच कपड्यांत गादीवर बसणं ७०, सार्वजनिक संडासच्या कडीला हात लावून मग जेवणं ९५. सुरुवात ३०-४० वाल्यापासून. चपलेला हात लावायचा, तो हात कपड्यांना नि उशीला लावायचा आणि ठरलेला वेळ हात धुवायचे नाहीत. भीती चढते, रेंगाळते, बहुतेकदा उतरते. न उतरली तरी ती सोसता येते हे मनाला कळतं. एक बैठक ६० ते ९० मिनिटांची, अशा साधारण बारा ते वीस, आणि मधल्या दिवसांत घरी रोज तासभर सराव. गृहपाठ झाला नाही तर बैठकींचे पैसे वाया जातात, इतका तो महत्त्वाचा.

बिघडतं कुठे, तर बारीक ठिकाणी. हात धुणं बंद होतं आणि सॅनिटायझर सुरू होतं. गॅस एकदाच पाहायचा ठरतो, पण निघताना बटणाचा मोबाइलवर फोटो काढला जातो आणि बसमध्ये तो पाच वेळा पाहिला जातो. भीती वाटताना मनात रामरक्षा किंवा आकडे म्हटले जातात. थेरपिस्टच 'काही होणार नाही हो' म्हणून धीर देतो. या सगळ्या सवयीच्याच कृती आहेत, रूप बदललेल्या, आणि त्यांनी सराव पोकळ होतो. ज्यांना बाहेर दिसणारी कृतीच नसते, सगळं मनातच चालतं, त्यांच्यासाठी भीतीचा प्रसंग स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून रोज ऐकवतात. थेरपिस्टला हे तंत्र माहीत आहे का, हा त्याची पारख करणारा चांगला प्रश्न आहे.

महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे अविवेकी विचार तर्काने तपासून बदलण्याची पद्धत रुजली, हे आपलं भाग्य. चिंता, नैराश्य, राग यांवर ती उत्तम चालते. पण ओसीडीत नुसता वाद घालून विचार खोडत बसलं, तर ते खोडणंच नवी अनिवार्य कृती होऊन बसतं. माणूस दिवसभर स्वतःशी युक्तिवाद करत राहतो. थेरपिस्ट फक्त विचारांवर बोलत असेल आणि सहा बैठकींत प्रत्यक्ष सराव एकदाही झाला नसेल, तर तसं स्पष्ट सांगावं आणि गरज पडल्यास थेरपिस्ट बदलावा.

केस उपटणं आणि त्वचा खुडणं हे ओसीडीचे शेजारी आहेत, पण त्यांचा उपचार निराळा. तिथे १९७३ मध्ये मांडलेली सवय-उलट पद्धत वापरतात: हात डोक्याकडे कधी जातो हे आधी टिपायचं आणि त्या क्षणी मूठ घट्ट मिटून मिनिटभर धरायची.

घरच्यांना एका तरी भेटीला नेलंच पाहिजे. 'आई, गॅस बंद आहे ना?' याला दिवसातून वीसदा 'हो रे बाळा' म्हणणारी आई प्रेमानेच बोलते, पण प्रत्येक 'हो' आजाराला खाऊ घालतो. एकदम तोंड बंद केलं तर भांडणं होतात. थेरपिस्टसमोर तिघांनी बसून ठरवायचं: या आठवड्यात दिवसाला पाच उत्तरं, पुढच्या आठवड्यात तीन, मग एक, आणि त्यापुढे फक्त 'हा प्रश्न आजाराचा आहे, मी सोबत आहे.' सोवळ्या-ओवळ्याच्या घरात प्रश्न नाजूक होतो, कारण कुळाचार कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो हे घरच्यांनाच उमगत नाही. एक व्यवहारी कसोटी आहे: त्याच घरातली, तितकीच श्रद्धाळू दुसरी व्यक्ती हे करते का आणि किती वेळ? आजी दहा मिनिटांत पूजा आटोपत असेल आणि नातीला अडीच तास लागत असतील, तर उरलेला वेळ आजाराचा.

खर्चाचं म्हणाल तर फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्रॅम यांसारख्या गोळ्यांची जेनेरिक रूपं जनऔषधी केंद्रात फार स्वस्त मिळतात. जड जाते ती थेरपी. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखेच धरावे लागतात, पण नेहमीची मेडिक्लेम दाखल झाल्यावरच लागू होत असल्याने ओपीडी आणि बैठकींचा खर्च बहुतेकदा खिशातूनच जातो. पॉलिसीत ओपीडीची तरतूद आहे का, ते पाहून ठेवावं. त्याच कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे आणि आपल्या नोंदी मागण्याचा हक्कही आपल्याला आहे. सगळं करून पाहिलं आणि आजार हटत नसेल, तर बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. इथल्या डॉक्टरांकडून पाठवणी आणि जुन्या औषधांची डोस-तारखांसह यादी घेऊन तिथे जावं.

बरं वाटायला लागल्यावर गोळी निदान एक ते दोन वर्षं चालू ठेवतात. नंतर दर एक-दोन महिन्यांनी थोडी थोडी, साधारण पाव भागाने कमी करतात. पॅरोक्सेटिन असेल तर आणखी सावकाश, कारण ती सोडताना चक्कर आणि विजेचे झटके बसल्यासारखं वाटतं. परीक्षा, बाळंतपण, नोकरीतला बदल अशा काळात डोस उतरवायला घेऊ नये. ईआरपीची जुनी यादी फेकून देऊ नये. कुलूप दुसऱ्यांदा ओढून पाहावंसं वाटलं, की त्याच दिवशी ती काढायची आणि ३५ वाल्या प्रसंगापासून पुन्हा सराव सुरू करायचा.